नऊवारी, काष्टा आणि बीसीडी

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ बोटीची दोरी धरून मी तरंगत होते आणि डायव्हिंगचं भाड्याचं जाकीट माझ्या कानांपर्यंत चढलं होतं. हनुवटी कॉलरवर टेकलेली, छाती आवळलेली, पाठीवरची टाकी डावीकडे कललेली. बोटीवरून कुणीतरी फोटो काढला. तो घरी पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तुला पोत्यात घालून बांधलंय का?"

मी कोथरूडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वय ४९, उंची ४ फूट ११ इंच, वजन ५६ किलो. काही वर्षांपूर्वी तारकर्लीला प्रशिक्षकाने मानेमागे धरून पाण्याखाली फिरवून आणलं, तिथे हा किडा चावला. मग रीतसर स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला. तलावातला भाग पुण्यात, समुद्रातल्या चार डाइव्ह मुरुडेश्वरहून. रात्रभर गाडी, सकाळी बोट, बोटीत आल्याची वडी चघळत बसायचं आणि पाण्यात उतरलं की सगळं विसरायचं. पावसाळ्यात हा किनारा बंद. पुढचा बेत फेब्रुवारीत अंदमानचा होता. तोवर स्वतःचं बीसीडी घ्यायचं, असं मी त्या फोटोकडे बघत ठरवलं.

बीसीडी म्हणजे ज्यात हवा भरता-सोडता येते आणि ज्याला टाकी बांधलेली असते ते जाकीट. टाकीतली हवा एका नळीने त्यात येते. डाव्या खांद्यावरून लोंबणाऱ्या इन्फ्लेटरचं एक बटण दाबलं की हवा आत, दुसरं दाबलं की बाहेर. १९४०-५० च्या दशकांतले पाणबुडे याच्याशिवायच उतरत. कमरेला शिसं आणि छातीत फुप्फुसं, एवढ्यावर त्यांचं भागायचं. १९६१ साली फेंझी नावाच्या फ्रेंच माणसाने गळ्यात अडकवायच्या फुगवण्याच्या कॉलरचं पेटंट घेतलं, आणि पुढे दहाएक वर्षांनी जाकिटं आली. मी हे सगळं वाचत बसले कारण मुंबईच्या दुकानात जाण्याआधी आपल्याला काहीतरी कळतंय असं वाटायला हवं होतं.

दुकानात ते फार टिकलं नाही. विक्रेता चांगला होता, पण त्याचं एकच पालुपद. "मॅडम, जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सेफ्टी." लिफ्ट म्हणजे उचल, जाकीट पाण्यात किती किलो वर धरू शकतं ते. त्याने मला एक छान काळं-जांभळं जाकीट चढवलं. सहा खिसे, गुबगुबीत पाठ, चार कड्या. आरशात मी अंतराळवीर दिसत होते. मग मी म्हटलं, आता यात पूर्ण हवा भरा. तो म्हणाला, "कशाला?" भरली. जाकीट पाठीकडून फुगलं, बगलेखालून फुगलं, पोटावर फुगलं, आणि मला खोल श्वास घेता येईना. पट्टे सैल केले तर श्वास आला, पण जाकीट परत कानांकडे निघालं. माझ्या पर्समध्ये सामान तोलायचा छोटा काटा होता, तो अडकवला. चार किलोच्या जरा वरच. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो सामान चालतं. त्यात फिन, वेटसूट, कपडे, आणि येताना मैत्रिणींसाठी काहीबाही. चार किलो नुसत्या जाकिटाला देणं मला जड गेलं.

दुसरा प्रयोग जुन्या मालाचा. औंधमधले एक गृहस्थ पाठदुखीमुळे डायव्हिंग सोडत होते, त्यांचं पाठीमागे फुगणारं जाकीट विकायचं होतं. पुढे काही फुगत नाही, त्यामुळे छाती मोकळी. माझं मन त्यावर बसलंच होतं. घरी आणून हवा भरून हॉलमधल्या दिवाणावर ठेवलं, रात्रभर. पहाटे सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि "कोण झोपलंय गं इथे?" असं ओरडल्या. सकाळी ते मऊ पडलं होतं. मी उलटं करून हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह उघडला तर वाटीभर पाणी सांडलं. खारट वास, हिरवट रंग. समुद्रातून आल्यावर जाकिटाच्या आत गोडं पाणी घालून खळबळून काढायचं असतं, नाहीतर पाणी वाळून मीठ आत बसतं. इन्फ्लेटरचं बटणही दाबलं की अर्ध्या सेकंदाने परत येत होतं. हे पाण्याखाली झालं तर जाकीट आपोआप फुगत राहणार आणि तुम्ही फुग्यासारखे वर. मी ते परत दिलं. जुनं घेणाऱ्याने एवढं तरी करावं: रात्रभर फुगवून ठेवायचं, बटण वीसेक वेळा दाबायचं, आत नाक घालून वास घ्यायचा.

तोवर मला एक गोष्ट खुपायला लागली होती. नेत्राणीला माझ्या कमरेला आठ किलो शिसं होतं. छप्पन्न किलोच्या बाईला आठ किलो! कोर्सच्या पहिल्या दिवशी घाबरलेला माणूस छातीत श्वास धरून ठेवतो, बुडतच नाही. मग प्रशिक्षक आणखी एक ठोकळा चढवतो, आणखी एक, आणि तोच आकडा वहीत कायमचा लिहिला जातो. जास्त शिसं म्हणून जाकिटात जास्त हवा, आणि ती हवा म्हणजेच सगळा त्रास. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. म्हणजे दहा मीटरवर जाकिटात चार लिटर हवा असेल तर पाच मीटरवर तिचे सव्वापाच लिटर होतात. सव्वा किलो उचल फुकट वाढली, तुम्ही काही न करता. मग सोडा, मग जास्त सुटली, मग भरा. नेत्राणीला मी लिफ्टसारखी खालीवर करत होते, ते याच्यापायी. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. आर्किमिडीज, प्लावक बल, उदाहरणं सोडवा. पाण्यात उतरले तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवलं नव्हतं.

एका रविवारी उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर हिशोब मांडला. आपल्याकडे जवळपास सगळीकडे मिळते ती अकरा लिटरची अॅल्युमिनियमची टाकी. तिच्यात २०० बारवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाबाने, सव्वादोन हजार लिटर हवा मावते, आणि हवेलाही वजन असतंच, लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास. एकूण पावणेतीन किलो. डाइव्ह संपताना ५० बार उरले म्हणजे दोन किलो हवा मी श्वासातून संपवलेली असते. भरलेली टाकी समुद्रात जेमतेम बुडते, रिकामी झाली की तरंगते. म्हणून शिसं डाइव्हच्या शेवटासाठी मोजायचं. सुरुवातीला तुम्ही दोन-अडीच किलोंनी जड असणारच, आणि तेवढी उचल बीसीडीने द्यायची. वेटसूटचं निओप्रीन खोलवर दबून पातळ होतं आणि त्याची तरंगण्याची ताकद जाते. थंड पाण्यातल्या जाड सुटात हे बरंच मोठं प्रकरण असतं. माझा सूट तीन मिलिमीटरचा. सगळाच्या सगळा दबला तरी दोन किलो. बेरीज साडेचार-पाच किलो. आणि मी पाण्यात बीसीडी उतरवून ठेवलं तर त्याने स्वतःला, भरलेल्या टाकीला आणि तोंडात धरून श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला तरंगत ठेवायला हवं. शिसं माझ्या कमरेच्या पट्ट्यात असेल तर तेही अडीच-तीन किलोंतच भागतं.

म्हणजे उष्ण समुद्रात माझ्यासारखीला दहा-बारा किलो उचल पुरून उरते. दुकानातल्या त्या गुबगुबीत जाकिटाची जवळजवळ दुप्पट होती.

आता प्रकाराचा प्रश्न. माझ्या प्रशिक्षकांनी, हे मूळ मालवणचे, एका वाक्यात सांगितलं: "मॅडम, तुमच्या मापाचं कुणी शिवत नाय, तर तुम्ही हार्नेस घ्या." पाठीला धातूची एक वाकवलेली पाटी, तिच्या खाचांतून ओवलेला दोन इंची नायलॉनचा एकसलग पट्टा, आणि पाटी व टाकी यांच्यामध्ये फुगणारी पिशवी, तिला विंग म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्या लोकांनी ही बांधणी रुळवली. तिथल्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून अशा साध्या मांडणीला हॉगार्थियन म्हणतात. दिसायला भयंकर साधी. खिसे नाहीत, चिकटपट्ट्या नाहीत, मऊ गादी नाही. पण पट्टा हवा तिथे ओढून घेता येतो, चार फूट अकरा इंचाला आणि सहा फुटालाही. आणि खाली पायांमधून एक पट्टा जातो, तो मागून पुढे येऊन कमरेच्या बकलात अडकतो, की जाकीट वर सरकायचा प्रश्नच संपला.

हे मी घरी हातवारे करून सांगत होते. सासूबाईंनी आयुष्यभर नऊवारी नेसली आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे काष्टाच की. काष्ट्याशिवाय नऊवारी अंगावर राहते होय? एवढं कळायला तुला समुद्रात जावं लागलं." या पट्ट्याला आमच्या घरात तेव्हापासून काष्टाच म्हणतात.

पाटी दोन धातूंत मिळते, स्टील आणि अॅल्युमिनियम. स्टीलची अडीच किलोंच्या आसपास भरते आणि पाण्यात तेवढं शिसं कमी लागतं, म्हणून बरेच लोक तीच घ्या म्हणतात. स्वतःच्या गाडीने किनाऱ्यावर जाणाऱ्याचं ते बरोबर आहे. पण मी विमानाने जाणार. शिसं तिथल्या डाइव्ह सेंटरवर मिळतंच, मग पुण्याहून अडीच किलोंचं लोखंड वाहून न्यायचं कशाला? आमच्याकडे याला विकतचं दुखणं म्हणतात. अॅल्युमिनियमची पाटी किलोच्या आतच.

आणि इथे माझ्यातली पुणेकरीण जागी झाली. माझ्या मामेभावाचं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. म्हटलं, पाटी म्हणजे पत्राच ना? त्याला मापं नेऊन दिली: पंधरा इंच लांब, रुंदी माझ्या पाठीसाठी दहा, मधोमध टाकी बसायला पन्हळ, पट्ट्याच्या खाचा, आणि विंग बसवायची दोन भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत बरोबर अकरा इंचांवर. हे अकरा इंच सगळे उत्पादक पाळतात, तिथे चुकलं तर कुठलीच विंग बसत नाही. त्याच्याकडे अॅल्युमिनियमचा, ६०६१ जातीचा तीन मिलिमीटरचा पत्रा पडून होता. लेझरवर सुरेख कापला. प्रेस ब्रेकवर वाकवताना टक् असा आवाज आला आणि बाकाच्या रेषेवर तडा. तो म्हणाला, "ताई, हा टी-सिक्स आहे, कडक. असा कमी त्रिज्येत वाकत नाही. माझंच चुकलं, तुला ५०५२ लागेल." तो मऊ, वाकतो छान आणि खाऱ्या पाण्यातही बरा टिकतो. दुसऱ्या आठवड्यात दुसरी पाटी आली. त्याच्या पोऱ्याने प्रत्येक खाचेची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरबरीत धार, कानशीने काढून कडा बोट फिरवण्याइतक्या गोल केल्या. ते मी मुद्दाम बसून करून घेतलं. धारदार खाच दर डाइव्हला पट्टा थोडा थोडा कापत जाते.

पाटी ८०० ग्रॅम भरली.

पट्ट्यासाठी बोहरी आळीत गेले. तिथे सुतळीपासून ताडपत्रीपर्यंत सगळं मिळतं, नायलॉनची दोन इंची पट्टीही मिळाली. स्वस्तात झालं म्हणून चार मीटर घेतली आणि घरी ओवून बसले. कोरडी असताना ठीक. बादलीत भिजवून अंगावर घालून, पाठीला पाण्याचे कॅन बांधून, हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या तर खांद्यावरची कडी घसरत घसरत पोटापाशी. पट्टी मऊ होती, निवार विणायच्या कामाची. डायव्हिंगची पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, ओली झाल्यावरही कडी धरून ठेवते. तेव्हा पट्टी, बकल, कड्या आणि विंग, हे सगळं शेवटी मस्कतहून दिवाळीला येणाऱ्या भाच्याकडून मागवलं. बोहरी आळीच्या पट्टीने गच्चीवरची पाण्याची टाकी बांधली आहे, तिथे ती उत्तम काम करते.

एक गोष्ट मात्र मी घरगुती करायच्या भानगडीत पडले नाही, आणि कुणी पडूही नये: हवा धरणारी पिशवी आणि तिचे व्हॉल्व्ह. पत्रा चुकला तर खांदा दुखतो. व्हॉल्व्ह चुकला तर प्रकरण वेगळं.

विंग घेताना एका ओळखीच्यांनी त्यांची जोडटाक्यांची विंग फुकट देऊ केली होती, वीस किलोंहून जास्त उचलीची. मोह झाला. पण दोन टाक्यांसाठी केलेली रुंद पिशवी एका टाकीवर लावली की तिचे दोन्ही काठ वर वळून टाकीला कवेत घेतात, हवा त्या घड्यांत अडकते आणि सोडायला गेलं तर सुटत नाही. मी घेतली ती एका टाकीची अरुंद, आतून सलग गोल, मेदूवड्यासारखी. हवा दोन्ही बाजूंना फिरू शकते. तिच्यावर ३० पौंड लिहिलंय, म्हणजे साडेतेरा किलो. पट्टा, काष्टा, विंग, पाटी सगळं मिळून अडीच किलो. पाटी सुटकेसच्या तळाला सपाट बसते.

पहिली चाचणी पुण्यात, प्रशिक्षकांच्या ओळखीच्या तलावात, दुपारी तलाव बंद असताना. उतरले, विंग गच्च फुगवली आणि तोंडावर पडले. खरंच. पाठीमागची हवा मला पुढे ढकलत होती. दुकानातल्या विक्रेत्याने हे सांगितलं होतं आणि मी ते त्याचं विक्रीचं बोलणं समजले होते. जाकीट तुम्हाला पृष्ठभागावर उभं धरतं, विंग धरत नाही. हा तिचा खरा तोटा. "एवढी हवा कशाला भरता?" प्रशिक्षक काठावरून ओरडले. "हनुवटी वर राहील एवढीच भरा आणि खुर्चीत रेलल्यासारखं मागे रेला." रेलले. पाच मिनिटांत जमलं. पाण्याखाली मात्र पहिल्यांदाच मी आडवी राहिले, पाय न बुडता. छातीवर काहीच नव्हतं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हे जाकिटाशिवाय, नुसत्या फुप्फुसांनी होतंय हे कळल्यावर मी बराच वेळ तेच करत बसले.

तलावात दोन किलो शिसं पुरलं. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं. मी आणि माझं सामान मिळून साधारण ऐंशी लिटर जागा व्यापतो, म्हणजे समुद्रात आणखी दोन किलो. चार. कागदावरचा आकडा आठवरून चारावर आला याचा मला निकालाच्या दिवशीसारखा आनंद झाला.

फेब्रुवारीत स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, पाणी २८ अंश होतं. पहिल्या डाइव्हआधी बोटीवर एकमेकींची तपासणी करताना जोडीदारीण म्हणाली, "तुझा शिशाचा पट्टा काष्ट्याच्या आत गेलाय." मी थंड पडले. शिशाचा पट्टा सगळ्यात शेवटी, काष्ट्याच्या वरून बांधायचा असतो. विंग फाटली किंवा हवा संपली तर बकल उघडून शिसं टाकून द्यायचं आणि वर यायचं. काष्ट्यात अडकलेला पट्टा पडणारच नाही, पायांत लोंबत राहील. इतके महिने ग्रॅम-ग्रॅमचा हिशोब केला आणि बांधायचा क्रम चुकला. आता मी मोठ्याने म्हणते: टाकी, खांदे, काष्टा, कंबर, शिसं. बोटीवरचे लोक हसतात.

डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर, टाकीत ५० बार उरलेले असताना, विंग पूर्ण रिकामी केली. अर्धा श्वास घेऊन थांबले. ना वर, ना खाली. शेजारून चिमुकल्या माशांचा थवा गेला, मी घड्याळाकडे बघत तीन मिनिटं तशीच. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो कमी करून पाहिलं तर शेवटी दगडाला धरून थांबावं लागलं. तेव्हा चारच.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते: भोसरीच्या पाटीने फार वाचले नाहीत. वाया गेलेला पत्रा, पेट्रोल, बोहरी आळीची पट्टी धरली तर विकतची पाटी आणि ही यांत फरक किरकोळच. पण दहा इंच रुंदीची पाटी मला दुकानात मिळाली नसती.

खांद्याच्या पट्ट्याचं उजवं टोक अजून वीतभर लांब आहे. भाऊ म्हणतो, गरम सुरीने कापून टाकू, दोन मिनिटांचं काम. मी थांबवलंय. वेटसूटवर आणि नुसत्या पोहण्याच्या कपड्यांवर माप वेगळं येतं. अजून पाच-सहा डाइव्ह होऊ देत. सध्या ती शेपटी रबरबँडने गुंडाळून ठेवली आहे, आणि विंग न्हाणीघराच्या खिळ्यावर उलटी टांगलेली आहे, आतलं शेवटचं पाणी गळायला.